मोठ्या आईचा फॉरवर्ड आणि कपाटात गेलेला लॅपटॉप

सकाळी मोठ्या आईने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि संध्याकाळपर्यंत मानेवाड्याच्या ताईने माझ्या भाच्याचा लॅपटॉप कपाटात कोंडला. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, दुपारी कूलरसमोरून हलायची सोय नाही. पोराने करावं तरी काय? चौदा वर्षांचा आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून 'डूम' खेळतो. बंदुकीने राक्षस मारायचा गेम, १९९३चा, म्हणजे त्याच्या आईच्या शाळेच्या काळातला.

फॉरवर्ड म्हणतो: डूममुळे मुलं अचूक नेम धरायला शिकतात, अमेरिकी सैन्य यावरच जवान घडवतं, अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार करणाऱ्या खुन्याने त्यात स्वतःच्या शाळेचा नकाशा बनवून सराव केला, मुलं हिंसक होतात, डोळे कायमचे जातात, गेममधल्या व्हायरसने बँकेचं खातं साफ होतं. खाली 'दहा जणांना पाठवा'. मोठ्या आईने पाठवलाही.

नेमाचंच आधी घेतो, कारण लिहिणाऱ्याने हा गेम दुरूनही पाहिलेला नाही. मूळ डूममध्ये वर-खाली नेम धरताच येत नाही! राक्षस वरच्या सज्जात उभा असला तरी तुम्ही फक्त त्याच्या दिशेला तोंड करायचं, गोळी आपली आपण वर जाते. माउस पुढे सरकवला तर बंदूक वर होत नाही, माणूसच पुढे चालू लागतो. उडीसुद्धा मारता येत नाही. मंगळाच्या फोबोस नावाच्या चंद्रावर नरकातून आलेल्या राक्षसांशी हे सगळं सुरू होतं. यातून नेमबाज तयार होत असते तर माझ्या पिढीतला प्रत्येक जण ऑलिम्पिकला गेला असता.

सैन्याच्या गोष्टीत तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९९६ साली अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाने 'डूम २' बदलून 'मरीन डूम' बनवला होता. पण कशासाठी? चौघांच्या तुकडीने एकमेकांशी बोलत, सांभाळून घेत झटपट निर्णय कसे घ्यावेत, यासाठी. गोळी झाडायला शिकवायला त्यांच्याकडे खऱ्या बंदुका होत्या की.

कोलंबाइन. एप्रिल १९९९. गोळीबार करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने डूमच्या लेव्हल (गेममधले नकाशे) बनवल्या होत्या, हे खरं. त्यातल्या काही आजही नेटवर आहेत, कोणीही उघडून बघावं. त्यात शाळा कुठेच नाही. इतक्या पोरांच्या मरणावर रचलेली ही अफवा इतकी वर्षं फिरते आहे, याचा मला खरंच संताप येतो.

आता हिंसकपणा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आमच्या पोराच्याच वयाची मुलं. काय तपासायचं आणि कसं, हे माहिती गोळा करण्याआधीच जाहीर केलं होतं, म्हणजे नंतर सोयीचं उत्तर उचलायला वाव नको. गेम किती हिंसक, हे मुलांच्या सांगण्यावरून नाही, अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवलं. मुलाच्या वागण्याबद्दल आईवडिलांनाच विचारलं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. फॉरवर्डकडे काय आहे? 'शास्त्रज्ञ सांगतात'. कोणते शास्त्रज्ञ, बे?

डोळे तासन्‌तास स्क्रीनकडे बघून शिणतात, कोरडे पडतात. मोठ्या आईच्या मालिकांनीही शिणतात. आणि कुठल्याही भलत्या साइटवरून काहीही उतरवलं तर व्हायरस येईल, मग तो गेम असो की पंचांग.

एक गोष्ट मात्र फॉरवर्डने सांगायला हवी होती आणि तीच सांगितली नाही. अमेरिकेत डूमला 'मॅच्युअर' मानांकन आहे, म्हणजे १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. रक्त आहे त्यात, भरपूर. ताई याच कारणाने लॅपटॉप काढून घेती तर मी गप्प बसलो असतो. तिला न विचारता गेम टाकून दिला ही चूक माझी. पण तिला हे माहीतच नव्हतं. तिला भीती शाळेच्या नकाशाची.

मोठी आई, रविवारी मानेवाड्यालाच ये. ताईकडून लॅपटॉप तासाभरासाठी मागून घेतो. सज्जातल्या राक्षसावर तू बंदूक वर करून दाखव, मग तो फॉरवर्ड अजून दहा जणांना मी स्वतः पाठवतो.