भोंग्यावरची भरती

परवा एका वॉटर पार्कच्या खिडकीवर माझ्या नवऱ्याच्या डिपॉझिटमधून पन्नास रुपये कापले. कारण काय, तर भाड्याने दिलेल्या बर्म्युडाची नाडी गायब. आता ही नाडी आम्ही बर्म्युडा ताब्यात घेतला तेव्हाही नव्हती. पुरावा म्हणून माझा नवरा स्वतः हजर होता. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तो डावा हात कमरेवर ठेवूनच हिंडला. दिवसभराच्या झाडून सगळ्या फोटोंत तो तसाच उभा आहे, नुकताच किल्ला जिंकल्यासारखा. मी ते फोटो खिडकीतल्या मुलीला दाखवले. ती म्हणाली, "मॅडम, फोटोत नाडी दिसत नाहीये." मी म्हटलं, "तेच तर सांगतेय!" ती म्हणाली, "मग?"

पन्नास रुपयांचं काही नाही. (आहे.)

पार्कचं नाव सांगत नाही, कारण आमच्या मुलांना तिथे परत जायचंय.

आमचं घर देवबागला. म्हणजे सासरचं, एरवी आम्ही डोंबिवलीचे. देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची एक पट्टी. मागच्या दाराने लाटा, पुढच्या दाराने खाडी. लोक डोंबिवलीहूनच काय, पुण्या-कोल्हापुराहून पैसे मोजून तिथे येतात. आणि आमच्या दोन मुलांनी मे महिन्यात, त्या घराच्या ओट्यावर बसून, पायाला समुद्राची वाळू चिकटलेली असताना आम्हाला सांगितलं, की त्यांना 'वेव्ह पूल'मध्ये जायचंय. आणि 'लेझी रिव्हर'मध्ये.

मी ठाम नाही म्हणणार होते. पण माझं एक जुनं दुखणं आहे. गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं १९८९ साली, तेव्हा मी शाळेत होते. वर्गातली एकेक मुलगी तिथे जाऊन येत होती आणि पाळण्यात आपल्याला कसं ओकायला झालं ते डबा खाताना अभिमानाने सांगत होती. आमचे बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी." ते पुढचं वर्ष आलं नाही, माझं लग्न आलं. त्यामुळे मुलं 'राइड' म्हणाली की माझ्यातली शाळकरी मुलगी माझ्याआधी हो म्हणून मोकळी होते. आमच्या पिढीचे आईबाप असे हळवे आणि म्हणून कायम खिशाला हलके. बाबांना 'पुढच्या वर्षी' म्हणताना कसलाही अपराधीपणा वाटत नसे. तो म्हणे नंतर शोधून काढला.

तर आम्ही निघालो. दीड तासाचा रस्ता. सोबत सासूबाई, कारण त्या म्हणाल्या, "मी घरात एकटी काय करू? माका पण बघूचा आसा, समुद्र सोडून पोरा खय जातत ता."

पहिला दणका तिकिटावर. दारातच भिंतीवर एक जिराफ रंगवलाय आणि त्याच्या मानेवर फुटांच्या रेघा. साडेतीन फुटांच्या वर गेलात की पूर्ण तिकीट. एसटीत कसं, वय विचारतात. पाच ते बारा अर्धं तिकीट. वयाच्या बाबतीत कोकणातल्या तीन पिढ्यांनी कंडक्टरला सांगितलंय, "पाच कुठे, श्रावणात पूर्ण होतील." पण उंचीला श्रावण नसतो. त्यात धाकट्याला जिराफ दिसल्याबरोबर तो धावत जाऊन उभा राहिला, टाचा उचलल्या, मान ताणली आणि ओरडला, "आई, बघ, मी चार फूट!" खिडकीतला माणूस प्रसन्न हसला. अकराशे रुपये.

सासूबाईंचंही पूर्ण तिकीट. त्यांनी पिशवीतून आधार कार्ड काढलं. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, आणि तेव्हापासून त्या हे कार्ड मालवणच्या बाजारातसुद्धा बाहेर काढून बघतात. खिडकीतला म्हणाला, "आजी, इथे तसं काही नाही." "मी पाण्यात उतरूचंय नाय." "तरी." "मगे माका कसलो पैसो?" त्याने विचार करून सांगितलं, "बघण्याचा."

इथवर ठीक होतं. खरी गंमत पिशव्या तपासायच्या टेबलावर.

टेबलामागे एक तरुण सिक्युरिटीवाला. गणवेश दोन मापं मोठा, गळ्यात शिट्टी, समोर रजिस्टर. वर पाटी, बाहेरील खाद्यपदार्थ आत नेण्यास सक्त मनाई. त्याने सासूबाईंच्या पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू टेबलावर मांडत गेला. घावण्यांचा डबा. ओल्या नारळाची चटणी. फणसाचे गरे, ज्यांची वर्दी त्यांच्या आधीच पोचली होती. सोलकढीची बाटली. मालवणी खाजा. पाच हापूस, टॉवेलात गुंडाळलेले. शेवटी मालवण स्टँडवर घेतलेली खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. आमच्या मागे रांग वाढत होती आणि रांगेतली माणसं आमचा संसार पाहत होती.

"आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"भायरचा नाय रे, घरचा आसा ह्या."

तो गप्प. मग हळूच त्याची प्रमाणभाषा गळून पडली. "तसा नाय गो आजये, नियम आसा."

झालं. सासूबाईंनी टेबलावर दोन्ही कोपरं टेकली. "खयचो रे तू?"

"कट्ट्याचो."

"कट्ट्याचो? आणि आवशीचा माहेर खय?"

"आचऱ्याक."

"आचऱ्याक!" सासूबाई मागे वळून मला म्हणाल्या, "ऐकलंस?" मी ऐकलं होतं. रांगेनेही ऐकलं होतं. "अरे, माझी थोरली भैण आचऱ्याक दिलेली. देवळाच्या मागच्या वाडीत. तुझी आजी रे कोण?"

त्याने सांगितलं. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या डोक्यात जिल्ह्याची एक वही आहे. त्यात कोण कुणाला दिली, कुणाची जमीन कुणी खाल्ली आणि कुणाच्या बारशाला कोण आलं नाही, हे सगळं असतं. वहीची पानं उलटायला अर्धा मिनिट गेला. मागच्या बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं. मग डोळे उघडले. "मगे तू माझ्या भैणीच्या दिराच्या नातीचो झील!"

तो पोरगा उठला. शिट्टी बाजूला सारली आणि टेबलाला वळसा घालून सासूबाईंच्या पाया पडला. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, की काम झालं. मी पिशवी भरायला घेतली.

तर तो परत खुर्चीत बसला, माझ्या हातातून डबा घेतला, मागच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, "आजये, परत तुझ्या पाया पडतंय, पण डबो आत जावचो नाय. वर कॅमेरो आसा."

"तेका सांग, आजयेन दिल्यान म्हणान."

"तो ऐकणा नाय गो."

"मगे तूच खा."

"ड्युटीर खावक गावणा नाय."

"जेवलंस कधी?"

"सकाळी चाय."

सासूबाईंचा चेहरा बदलला. त्यांचं भांडण एकदम आमच्या बाजूने त्याच्या बाजूला गेलं. "उपाशी ठेवतत रे तुका? इतक्या पैशे घेवन?" मग आम्ही डब्यासाठी भांडत होतो आणि त्या त्याच्या जेवणाच्या सुट्टीसाठी. शेवटी रजिस्टरात नोंद झाली. एक डबा, एक बाटली, आंबे पाच, 'इतर'. मला एक टोकन मिळालं. आयुष्यात मला घावण्यांची पावती मिळेल असं वाटलं नव्हतं.

आत गेल्यावर सगळे पाण्यात आणि मी बाकावर. माझ्या अंगाखांद्यावर टॉवेल, चपलांचे चार जोड, चष्मे, मोबाइल आणि लॉकरची किल्ली. किल्लीचं डिपॉझिट वेगळं. बाकावर मी एकटी नव्हते. ओळीने बसलेले सगळे कुणाचे ना कुणाचे आईबाप होते आणि प्रत्येकाच्या मांडीवर कुणाची तरी कोरडी चड्डी होती.

आता या बाकाचा एक इतिहास आहे, तो मला तिथेच आठवला आणि फार लागला. वॉल्ट डिस्नेला दोन मुली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात तो त्यांना चक्रीपाळण्यावर न्यायचा. त्या गोल गोल फिरायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. बसून बसून त्याला वाटलं, आईबाप आणि मुलं दोघांनाही मजा येईल अशी एखादी जागा हवी. त्यातून १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. एवढा उद्योग झाला, जगभर त्याच्या नकला झाल्या, एक नक्कल आमच्या कोकणातही आली आणि इतक्या वर्षांनी मी कुठे आहे? बाकावर. फरक इतकाच, की त्याच्याजवळ शेंगदाणे होते. ग्रिफिथ पार्काच्या दारात त्याची पुडी कुणी काढून घेतली नव्हती.

त्या १९५५च्या पहिल्या दिवशी म्हणे भयंकर ऊन होतं. प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे संडास चालू करायचे की प्यायच्या पाण्याचे नळ असा पेच आला. डिस्नेने संडास निवडले. नळ कोरडे पाहून लोकांना संशय आला, की हे शीतपेयं खपवायचं कारस्थान आहे. उगाच गरिबावर आळ. आमच्या पार्कात कुठलाही संप नव्हता, तरी पाण्याची बाटली चाळीस रुपयांना होती. आणि वडापाव साठ. मालवणात साठ रुपयांत वडापाव खाऊन वर चहा होतो आणि वडापाववाला विचारतो, घरचे बरे आहेत ना.

तेवढ्यात धाकटा रडत आला. मोठ्या घसरगुंडीवर त्याला सोडेनात. तिथे साडेचार फुटांची रेघ. म्हणजे तिकिटाला हा मोठा आणि घसरगुंडीला हा लहान. मी तिथल्या शिट्टीवाल्याला (प्रत्येकाकडे शिट्टी होती) म्हटलं, "पूर्ण पैसे घेतलेत ना?" तो म्हणाला, "सेफ्टी, मॅडम." सेफ्टीबद्दल माझा वाद नाही. पोर घसरगुंडीवरून उडावं अशी माझी इच्छा नाही. पण मग पैशाच्या जिराफाने साडेतीनला मान का उगवली? त्याला तिथेच साडेचार करा. पोराला अर्धी मजा देता तर अर्धे पैसे घ्या. हे मी बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले. बाकावरच्या आईबापांनी माना डोलावल्या आणि कोणी उठलं नाही. उठले असते तर मांडीवरचं सगळं ओल्या फरशीवर पडलं असतं.

मग भोंगा वाजला. त्याबरोबर सगळीकडून माणसं किंचाळत धावत सुटली. कुठे आग लागली म्हणून मी चपला छातीशी धरल्या. पण ती वेव्ह पूलची वेळ होती. त्या निळ्या टाकीत पाचशे माणसं खेटून उभी राहिली आणि भिंतीमागच्या यंत्राने कमरेएवढ्या लाटा सोडायला सुरुवात केली. प्रत्येक लाटेला टाकी ओरडत होती. माझी थोरली, जी देवबागच्या समुद्रात "वाळू टोचते" म्हणून उतरत नाही, ती कुणाच्या तरी कोपराचा मार खात आनंदाने बेभान झाली होती. नवरा उजवा हात हवेत नाचवत होता. डावा कुठे होता ते सांगितलंच आहे.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. समुद्राकाठी अख्खा जन्म गेलेला. तिथी सांगितली की भरती किती वाजता, हे त्या भात ढवळता ढवळता सांगतात. दहा मिनिटांनी परत भोंगा झाला आणि लाटा बंद पडल्या.

"ह्येंची भरती भोंग्यार येता?" त्यांनी विचारलं.

"हो आई."

"आणि ओहोटी?"

"ती पण."

"बरा आसा," त्या म्हणाल्या. "माश्यांका कळूक नको." आणि पदराने वारा घेत बसल्या.

संध्याकाळी नाडीचं प्रकरण झालं, ते वर आलंच आहे. फाटकाशी टोकन दिलं. डबा परत मिळाला. रिकामा, घासून पुसून लख्ख. बाटलीही रिकामी. आंबे दोन. सासूबाई इतक्या खूश झाल्या, की मीच त्यांचा डबा चोरल्यासारखी दिसत असणार. पोरगा ओशाळून म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत तिघांनी मिळून खाल्लं. मी शेंगदाण्यांचं विचारलं. त्याने रजिस्टर दाखवलं. ते 'इतर'मध्ये गेले होते.

"तुझी पोरा येतत काय रे हय?" सासूबाईंनी विचारलं.

"झील सारको मागे लागता. पण स्टाफच्या पोरांकाय तिकीट आसा गो आजये. ह्या पगारात खय?"

रोज तो हजारो मुलांच्या पिशव्या उघडतो आणि त्याच्या मुलाने ती टाकी पाहिलेली नाही. यावर मला काहीतरी बोलायचं होतं, पण सासूबाईंनी तोवर निकाल लावला होता. रविवारी त्याला सुट्टी. बायकोला आणि दोन्ही पोरांना घेऊन देवबागला यायचं. सकाळी समुद्र, दुपारी जेवण, संध्याकाळी खाडी.

उद्या रविवार. चौघांसाठी घावणे, सुंगटांचं कालवण आणि सोलकढी असा बेत ठरलाय, ठरवलाय सासूबाईंनी, करणार मी. तांदूळ आत्ताच भिजत घातलेत. आणि ती माणसं आली की दारात त्यांच्या पिशवीकडे बघायचं नाही, हे मला त्यांनी आजच दोनदा बजावून ठेवलंय.