रिव्हेटवर स्टिकर: हीट गन आणि अंगठा पुरत नाही

कंटेनर आणि बसच्या बॉडीवर ब्रँडिंग करणाऱ्या पोरांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: रिव्हेट (पत्रे जोडणारी टोपीवाली खीळ) आला की गरम हवेची हीट गन मारा, अंगठ्याने दाबा, विषय संपला. व्हिनाइल, म्हणजे स्टिकरची प्लास्टिक फिल्म, कुठलंही चालतं, पिन मारू नका कारण पाणी शिरतं, आणि फुगा राहिलाच तर उन्हात आपोआप बसतो. सोबत ताज्या गाडीचा चकाचक फोटो. फोटो खराच असतो. फक्त तीच गाडी महिनाभर उन्हात फिरल्यावरचा फोटो कोणी टाकत नाही.

‘व्हिनाइल कुठलंही चालतं.’ निम्मं काम इथेच बिघडतं. कॅलेंडर्ड फिल्म रोलरमधून दाबून, ओढून काढतात. तो ताण तिच्यात राहतो आणि ऊन लागलं की ती आकसायला बघते. कास्ट फिल्म द्रवरूपात कागदावर ओतून ओव्हनमध्ये सुकवतात, त्यामुळे तिच्यात तसा ताण जवळपास नसतो. जाडीही साधारण 50 मायक्रॉनच. सपाट पत्र्यावर थोड्या महिन्यांची जाहिरात असेल तर खुशाल कॅलेंडर्ड लावा, पैसे वाचतील. रिव्हेटच्या रांगांवर मात्र कास्टच, आणि वरचा पारदर्शक संरक्षक थर, म्हणजे लॅमिनेशनसुद्धा कास्टच. खाली महागडी फिल्म आणि वर स्वस्त लॅमिनेशन ही काटकसर सर्रास चालते. मग वरची आकसते आणि खालचीला घेऊन उठते.

‘अंगठ्याने दाबा.’ रिव्हेटचं डोकं अंगठ्याने झकास बसतं, पण प्रश्न डोक्याचा नाहीच. डोकं पत्र्याला टेकतं त्या खाचेत अंगठा पोचत नाही आणि तिथे फिल्म तंबूसारखी ताणलेली राहते. त्यासाठी आखूड, ताठ केसांचा रिव्हेट ब्रश मिळतो. स्क्वीजी (फिल्म दाबून सपाट करायची पट्टी) रिव्हेटच्या अलीकडेच थांबवायची, भोवतीची फिल्म मोकळी सोडायची, ती मऊ होईपर्यंत तापवायची आणि ब्रश गोल फिरवत बाहेरून आत यायचं. घाईत एकाच बाजूने रेटलं की समोर सुरकुती पडलीच म्हणून समजा.

‘पिन मारू नका.’ उलट, ब्रश लावण्याआधी रिव्हेटच्या कडेला पिनने बारीक भोकं पाडायलाच हवीत. चारही बाजूंनी फिल्म चिकटल्यावर आतली हवा जाणार कुठून? एअर रिलीजवाल्या फिल्मच्या गोंदात हवा जायला बारीक वाटा असतात, पण तो एकदा नीट दाबला गेला की त्याही बंद होतात. पिनच्या भोकाभोवतीचा गोंद दाबला की पाण्याची भीती फारशी उरत नाही. ब्लेडने चीर मात्र देऊ नका. गरम फिल्म ताणली की चीर फाकते.

‘उन्हात आपोआप बसतं.’ सपाट भागावरचा बारीक बुडबुडा कधीकधी खरंच बसतो, तेवढं मान्य. रिव्हेटभोवती मात्र ऊन उलटं काम करतं: अडकलेली हवा फुगते आणि ताणलेली फिल्म मूळ आकाराकडे परतू पाहते. म्हणून सगळं बसवून झाल्यावर पुन्हा एक हात हीट गनचा मारायचा. बऱ्याच कास्ट फिल्मना यासाठी साधारण 95 ते 105 अंश सेल्सिअस लागतं. नेमका आकडा त्या फिल्मच्या माहितीपत्रकात असतो. हे तापमान हाताने कळत नाही, इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या.

आणि सल्ल्यात ज्याचा पत्ताच नाही ती गोष्ट: सैल रिव्हेट. नखाने हलणाऱ्या रिव्हेटवर कुठलीच फिल्म टिकत नाही. कोटेशन देण्याआधी गाडी बघून या, सैल रिव्हेट मालकाला बदलून घ्यायला सांगा, आणि रिव्हेटच्या बुडाशी साचलेलं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा वेळही रेटमध्ये धरा.