खुलासा: एल्ट्स किल्ला स्टेशनला लागून नाही आणि फुकटही नाही

'मोझेलकर्नला उतरा, पाच मिनिटांत एल्ट्स किल्ला. डॉइचलँड तिकीट दाखवलं की आत फुकट, बारा महिने उघडा' असा जर्मनीतल्या एल्ट्स किल्ल्याबद्दलचा मेसेज फोटोसकट मराठी ग्रुपांवर फिरतोय. मोझेलकर्न हे त्या भागातलं रेल्वे स्टेशन. फोटो खरा आहे, माहिती चुकीची.

डॉइचलँड तिकीट हा स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या-बसचा मासिक पास आहे. आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत तो चालत नाही, किल्ल्याच्या प्रवेशाशी तर त्याचा संबंधच नाही. मोझेलकर्नपर्यंतचा प्रवास त्यात बसतो, एवढाच भाग बरोबर. प्रवेशाचं तिकीट वेगळं, आणि आतल्या खोल्या फक्त गाइडसोबत, साधारण ४० मिनिटांत. आत फोटो काढायला मनाई आहे.

स्टेशनपासून किल्ला सुमारे ५ किलोमीटर, चालत सव्वा ते दीड तास. आधी गावातून एल्ट्सबाख ओढ्याच्या कडेने सपाट रस्ता, मग जंगलातली पायवाट: वर आलेली मुळं, पावसानंतर निसरडा चिखल, शेवटी चढ. चपला नकोत, बाबागाडी तर नकोच. गाडीने गेलात तरी पार्किंग दारात नाही. तिथून पंधरा-वीस मिनिटं चालायचं किंवा पैसे देऊन शटल बस घ्यायची.

हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबरची सुरुवात. जानेवारीत गेलात तर बाहेरून बघून परत. तारखा दरवर्षी किल्ल्याच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात, त्याच धरा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.