विमान आलं की ढग पळत्यात!

परवा भाचीच्या शाळेसाठी ढग बनवला. पाण्याची रिकामी बाटली, तळाशी चमचाभर कोमट पाणी, झाकण घट्ट. दाबली, सोडली. काहीच नाही. पाच-सहा वेळा तेच, भाचीचं तोंड उतरलेलं. मग काडी पेटवून विझवली, तिचा धूर बाटलीत घेतला, झाकण लावलं, पुन्हा दाबून सोडली. बाटली आतून दुधासारखी पांढरी! दाबली की गायब, सोडली की हजर.

पाणी तेच, वाफ तीच. कमी होती ती धुराची. हवेतल्या बारीक कणाला धरूनच वाफेचा थेंब होतो. स्कॉटलंडच्या जॉन एटकिनने 1880 च्या दशकात हे कण मोजायचं यंत्रसुद्धा बनवलं होतं.

व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला, तर सोलापूरकडच्या मामांचा लगेच फोन. "म्हंजे धूर केला की पाऊस पडतो म्हण की!"

नाही ना मामा. पंगत वाढली आणि बासुंदी तेवढीच राहिली तर काय होतं? कण फार झाले की थेंब चिमुकले राहतात, एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत. पावसाच्या एका थेंबाला ढगातले साधारण दहा लाख थेंब लागतात. त्यामुळे धुरकट हवेतला ढग जास्त पांढरा दिसतो, ऊन जास्त परतवतो, पण बरसायला कुचराई करतो. (उंच वादळी ढगांचं गणित वेगळं आहे, त्यात आत्ता शिरत नाही.)

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर भागात याच्या उलट केलं. थेंब लवकर मोठे व्हावेत म्हणून पाणी ओढून घेणारे कण ढगाच्या तळाशी सोडले, विमानाच्या पंखांवर कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या पेटवून. सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस साधारण 18 टक्के वाढला. आकडा मला भरवशाचा वाटतो, कारण तो चमत्काराचा नाही. पण शून्याचे 18 टक्के शून्यच.

माझा राग आहे तो 'कृत्रिम पाऊस' या शब्दावर. पाऊस सरकार पाडू शकतं असं एकदा सांगितलं, की तो पळवूही शकतं हे ओघानं आलंच. मामांच्या गावात पक्की समजूत आहे, "विमान आलं की ढग पळत्यात." मी त्यांना हसत नाही. शब्द आपणच दिलाय.

"मग म्हणायचं तरी काय त्याला?" मामांनी विचारलं.

"विरजण म्हणा."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आन दूध?"