शनिवारचं शेतकरीपण

बेळगावात टिळकवाडीत राहूनही आत्मा शेतकऱ्याचाच असेल, तर कुढत बसू नका. जांबोटी रोडला एखादं सभासदांच्या भरवशावर चालणारं शेत गाठा. हंगामाचे पैसे आधीच भरायचे, आठवड्याला भाजीची टोपली घ्यायची आणि शनिवारी जाऊन फुकट राबायचं. पैसे भरून राबायची ही चैन आपल्या आजोबांना कुठली? ते बिचारे सावडीनं एकमेकांची लावण उरकायचे आणि सर्टिफिकेट न घेताच घरी जायचे.

गमबूट नवे घ्या. चिखलणी केलेल्या शेतात पहिल्याच पावलाला बूट आत राहतो आणि पाय वर येतो. तेवढ्यात फोटो उरकावा. शेजारी अनवाणी बाया मागं मागं सरकत रोपं लावत असतील. तुम्ही मात्र पुढं चला. पुढं जायचं असतं, हे आपल्याला बालवाडीपासून शिकवलंय. मग तुमची लावलेली रोपं तुमच्याच बुटाखाली जातील आणि एखादी मावशी ओरडेल, "काय करूलालास रे बाळा? रोपावरच उभारलास की!" याला अनुभव म्हणतात. एका जागी दोन-तीन काड्या पुरतात म्हणे. आपण अख्खी मूठ रोवावी, हात आखडू नये. तुमची ओळ त्या दुपारी उपटून पुन्हा लावतीलच. त्याची मजुरी त्यांना मिळते, म्हणजे रोजगार दिल्याचं पुण्यही पदरात.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना बांधावर बसवून सांगा, की ही कल्पना १९७० च्या दशकात जपानात 'तेइकेई' या नावानं रुजली, १९८६ च्या सुमारास अमेरिकेत तशी शेतं उभी राहिली, आणि शेतकऱ्याची जोखीम खाणाऱ्यानं वाटून घ्यायची हे तिचं मर्म. इरल्याला टेकून आडवी झालेली मावशी 'हं' म्हणेल. ते होकारार्थी समजावं. तिच्या डब्यातला ठेचा मात्र मागून खावा, अस्सल असतो.

जुलैत टोपली उघडाल तेव्हा डगमगू नका. पावसानं कोथिंबीर सडलेली, टोमॅटोची झाडं आडवी. टोपलीत अळू, दोडका आणि खाली परत अळू. जोखीम वाटून घेऊ असं आपण म्हटलं होतं खरं, पण ते उन्हाळ्यात. तडक ग्रुपवर टाका : "गणपत गल्लीत ढिगानं टोमॅटो मिळूलालेत, तुमच्याकडंच कसे नाहीत ओ?" खाली हात जोडल्याची खूण टाकली की भाषा सभ्य होते.

सुगीला मात्र जाऊ नये. भातकापणीत कंबर धरते, ऊनही असतं, आणि दिवाळीच्या सुट्टीत गोव्याचं बुकिंग आधीच झालेलं असतं. चोर्ला घाटाकडं जाताना वाटेत ते शेत लागेल. गाडी हळू करा, काच खाली घ्या आणि पोरांना दाखवा, "ती ओळ पप्पांनी लावलेली." डोक्यावर भारा घेतलेली मावशी नेमकी तेव्हाच रस्ता ओलांडत असेल. हॉर्न द्या. ओळखीतलीच आहे.