खुलासा : एसटीच्या जन्माची तारीख आणि नाव

१ जून जवळ आला की एक मेसेज फिरतो : "१ जून १९४८ रोजी महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची पहिली बस पुणे–नगर धावली. त्याआधी आपल्याकडे सरकारी बस नव्हतीच."

तारीख आणि मार्ग बरोबर आहेत. लाकडी बॉडीची बेडफर्ड, काथ्याची आसनं. ती गाडी डोळ्यांपुढे आणली तरी ऊर भरून येतो. पण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं, ते झालं १ मे १९६० रोजी. ती बस मुंबई सरकारची होती. आजचं महामंडळ १९६१चं. कितीही नावं बदलली तरी लोकांच्या तोंडी 'एसटी'च राहिलं.

दुसरं वाक्य मात्र साफ चुकीचं, आणि मला तेच जास्त खुपतं. निझाम राज्य रेल्वेने १९३२ मध्येच २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले, आणि तिथली वाहतूकही पुढे एसटीत मिसळली.

मेसेज पुढे पाठवणार असाल तर एवढी दुरुस्ती करूनच पाठवा.