नै म्हणजे हो

अथेन्सला आम्ही जुलैत गेलो, यातच सगळं आलं. सकाळी मी म्हटलं टॅक्सी करू, तर आमचे हे म्हणाले "अगं इथ्थं तर दिसतंय". अहो, अ‍ॅक्रोपोलिस हा जुन्या देवळांचा गड टेकडीवर आहे, ते निम्म्या शहरातून दिसतं! पण चाललो. वरचा संगमरवर लोकांच्या पायांनी घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की मी नव्या सँडल सांभाळत नवऱ्याच्या बॅगेला धरून बदकासारखी चढले, आणि चपलेतला खडा काढायला एका खांबाला जरा हात काय टेकला, लगेच शिट्टी! राखणदार बाई धावतच आली.

वरचं पार्थेनॉनचं देऊळ सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण सावली शून्य. तुर्कांनी आत दारूगोळा भरून ठेवलेला, 1687 मध्ये व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर पडला आणि छप्पर उडालं. भांडण त्यांचं, डोकं तापलं माझं.

त्यात मला वॉशरूमला जायचं होतं. एकाला खुणेनं विचारलं, इकडे आहे का? तो हसून म्हणाला "ने". नै तर नै. उलट्या दिशेला गेले, तिथं दुसरीला विचारलं, तीही "ने". अर्धा तास मी त्या देवळांना नुसत्या प्रदक्षिणा घालत होते, मग एका गाईडनं सांगितलं की ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो!! (मला तर वाटतं त्या ब्रिटिश लॉर्ड एल्गिनचंही असंच झालं असणार, कुणीतरी "ने" म्हणालं आणि यानं नेलं, पार्थेनॉनवरच्या मूर्ती अजून लंडनला आहेत. त्याचा मुलगा आणि नातू पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होते म्हणे, म्हणजे घराण्यालाच सवय.)

दुपारी झ्यूसचं देऊळ. 104 खांबांपैकी 15 उभे, एक 1852 च्या वादळात पडला तो मुळा चिरून ठेवल्यासारखा चकत्या होऊन अजून तसाच पडलाय. हे देऊळ बांधून पूर्ण व्हायला सहाशेच्या वर वर्षं लागली, त्यामुळे मुंबई-गोवा हायवेला मी आता काही बोलणार नाही.

रात्री गरम पाण्यात पाय सोडून बसले होते तर हे मोबाईलमध्ये बघत म्हणाले, "उद्या डेल्फीला जायचं ना?"

मी म्हटलं, "नै!"

यांनी लगेच दोन तिकिटं काढली.